खिडकीत दडलेला अर्धा इंच

४ फेब्रुवारी

वन्सं,

हातानं लिहिलेलं पाकीट बघून दचकू नका, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन केला नाही, कारण फोन दुकानात असतो आणि दुकानात आई असतात. त्यांचे डोळे कमी झाले असले तरी कान अजून तुमच्या-माझ्या दोघींना पुरून उरतील असे आहेत, आणि ही गोष्ट त्यांना इतक्यात कळायला नको.

आईंना मापाची वही वाचता येईनाशी झाली आहे. कबूल करत नाहीत. गिऱ्हाईक आलं की वही माझ्याकडे सरकवतात आणि म्हणतात, "वाच गं, माझ्या हाताला खडू लागलाय." परवा तर त्या नुकत्याच हात धुऊन आल्या होत्या, तरी खडू लागलेलाच होता. डॉक्टर म्हणाले, नजरेच्या मधलं धूसर होत जाणार, कडेचं राहील. चष्मा बदलून उपयोग नाही. अक्षर मोठं केलं तर काम चालेल, आणि जितकं चालेल तितकं चालू द्या, म्हणाले.

म्हणून मी एक उद्योग मांडला आहे. तुम्ही मागे ठेवून गेलेला कॉम्प्युटर पुसला, वाचनालयातून पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेचं पुस्तक आणलं आणि पडद्यावर उघडणारी मापांची एक खिडकी करायला घेतली. नाव लिहायचं, बटण दाबायचं, की त्या माणसाची छाती, कंबर, खांदा, बाही मोठ्या अक्षरांत समोर. पुस्तकात अशा खिडकीचं सगळं सामान तयार मिळतं असं दिलंय. नुसत्या मजकुराची पाटी, लिहायचा खाना, दाबायचं बटण. आपल्या बटणांच्या डब्यासारखंच, उचलायचं आणि लावायचं.

पण माझी खिडकी उघडते आणि पापणी लवायच्या आत मिटते. तेरा वेळा करून पाहिलं. दुकानात इंटरनेट नाही हे तुम्हाला माहीत आहे. आईंच्या मते ते आलं की माणसं बोलायची थांबतात. तुमचा दादा जहाजावर, त्याला यातलं काही कळत नाही, आणि कळलं असतं तरी तो समुद्रात. घराण्यात कॉम्प्युटरवाल्या तुम्ही एकट्याच. तेव्हा सांगा, ही उघडी कशी ठेवायची?

तुमची वहिनी

१३ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठवू नकोस. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाकीट पाहिलं आणि हळू आवाजात "कोण गेलं?" म्हणून विचारलं.

मनात ठेवून लिहायला मला जमत नाही, म्हणून आधी सांगते. तुझं पत्र वाचून माझ्या पोटात दुखलं. ही खिडकी मी करणार होते. नऊ वर्षांपूर्वी नोकरी लागली तेव्हा आईला शब्द दिला होता की तुझी वही मी कॉम्प्युटरमध्ये घालून देईन. तो कॉम्प्युटर त्यासाठीच ठेवून आले. मग इथे पाण्याच्या मीटरचे प्रोग्रॅम लिहिता लिहिता दिवस गेले, आणि आता तर तेही लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेले तपासते आणि बैठकांना बसते. पण शब्द दिलेला होता. "वन्सं, तुम्ही करून द्या" असं एक वाक्य तुला लिहिता आलं असतं.

तू माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दादाची बायको म्हणून तुला वहिनी म्हणते, त्याचं मला काही नाही. पण मागच्या वेळी आले तर बेतायच्या टेबलाजवळच्या उंच खुर्चीवर तू बसली होतीस. दहावीपर्यंतचा सगळा अभ्यास मी त्या खुर्चीवर केला आहे. मग कळलं, दुकानाची किल्ली तुझ्याकडे. आता वहीसुद्धा.

असो. तुझी खिडकी मिटते, कारण तू तिला थांबायला सांगितलेलंच नाहीस. सगळं मांडून झालं की शेवटच्या ओळीत खिडकीला सांगावं लागतं, उघडी राहा आणि कोणी काही करतंय का याची वाट बघ. पुस्तकात मेनलूप नावाखाली मिळेल. हे कळायला मला नोकरीतलं पहिलं वर्ष लागलं होतं.

आईला डोळ्यांचे थेंब वेळेवर दे.

– मी

२३ फेब्रुवारी

वन्सं,

राहिली! उघडी राहिली! आत काही नाही, नुसती राखाडी चौकट. तरी मी तिच्यासमोर पाच मिनिटं हात जोडून बसले होते. आईंनी विचारलं, "काय गं, कोण आलंय?" मी म्हटलं, "कोणी नाही, अजून नाही."

खुर्चीचं वाचलं. तुम्ही रागावलात हे मोकळेपणानं लिहिलंत, मग मीही लिहिते. वही कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेताना पहिल्या पानापासून वाचत गेले. सत्तेचाळीसाव्या पानावर तुम्ही आहात. तुमचं अख्खं पान आहे, वन्सं. सातव्या वर्षापासून दर वर्षाची मापं. तुम्ही आला नाहीत त्या तीन वर्षांचीही आहेत, पुढे "फोटोवरून अंदाजे" असं लिहून. खालची ओळ तर इतकी वाकडी आहे की ती आईंनी अलीकडेच, डोळे कमी झाल्यावर लिहिली असणार.

मग मी माझं पान शोधलं. पोस्टमन आहे, गायन मंडळाचे मास्तर आहेत, त्यांची तीन लग्नं आणि तिन्ही बायकाही आहेत. मी नाही. सहा वर्षं या घरात त्यांच्या हातचं शिवलेलंच घालते आणि वहीत माझं नाव नाही. तेव्हा पोटात दुखण्याचा मक्ता काही तुमचा एकटीचा नाही.

आता कामाचं. बटण केलंय, पण ते वेडं आहे. खिडकी उघडतानाच आपण होऊन एकदा काम उरकतं, आणि नंतर कितीही दाबा, ढिम्म.

दुसरं, खाने लावायचे कसे? सोबत बेतणीच्या खाकी कागदावर मला हवी तशी खिडकी काढून पाठवते. पुस्तकात एक रीत ओळी आणि रकान्यांची दिली आहे, ती चांगली म्हणतात. तशी करू का? एक लक्षात असू द्या. आईंची नजर आणखी उतरणार, तेव्हा अक्षर पुढे वाढवता आलं पाहिजे.

तुमची वहिनी

५ मार्च

वहिनी,

बटणाच्या कामाचं नाव लिहिताना तू पुढे कंस टाकले असशील. कंस टाकले की काम तिथल्या तिथे होऊन जातं आणि बटणाच्या हाती काही उरत नाही. बटणाला नुसतं नाव सांगायचं, कंसाशिवाय. मग दाबल्यावर ते स्वतः हाक मारील.

मांडणीचं म्हणशील तर ओळी-रकान्यांच्या भानगडीत पडू नकोस. नवख्या माणसाला ते झेपत नाही. कोणता खाना कुठे सरकेल सांगता येत नाही. तुम्ही शिवणारी माणसं, मापानं काम करा. प्रत्येक पाटी आणि प्रत्येक खाना पडद्यावर खिळा मारल्यासारखा एका जागी ठोकायचा. डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती. ही रीतही त्याच सामानात आहे. तुझ्या खाकी कागदावर मी पट्टी घेऊन सगळी मापं पडद्याच्या ठिपक्यांत लिहून दिली आहेत. नावाचा खाना डावीकडून दोनशे, वरून तीस, रुंदी पाचशे. छातीचा डावीकडून दोनशे, वरून एकशेदहा, रुंदी सत्तर. पुढचे तसेच, ऐंशी-ऐंशी ठिपक्यांवर. अठराच्या आकाराच्या अक्षरात "३६ १/२" बरोबर बसतं, मी करून पाहिलं.

अक्षर वाढवायचं तेव्हा वाढव. एका आकड्याचं काम आहे.

माझ्या पानाबद्दल लिहिलंस ते बरं केलंस. "फोटोवरून अंदाजे" हे मला माहीत नव्हतं.

– मी

२८ मार्च

वन्सं,

झाली! पुस्तक अजूनही सांगत होतं की ओळी-रकाने बरे, पण पुस्तकाचं ऐकू की घरच्या माणसाचं? तुम्ही दिलेल्या मापांनी खिळे ठोकले. एक ठिपका इकडचा तिकडे नाही.

काल दुपारी आईंना खुर्चीवर बसवलं. म्हटलं, "नाव लिहा कोणाचं तरी." त्यांनी एकेक अक्षर शोधत मास्तरांचं नाव लिहिलं आणि बटण दाबलं. छाती, कंबर, खांदा, बाही. आईंनी मान थोडी तिरकी केली, कडेच्या नजरेनं पाहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "चाळीस आणि पाव." मग हात लांब करून पडद्याला बोट लावलं. मी म्हटलं, डाग पडेल, तर म्हणाल्या, "पडू दे."

संध्याकाळपर्यंत त्यांनी बत्तीस माणसं काढून पाहिली. त्यातली चार आता हयात नाहीत. पोस्टमन पत्र द्यायला आला तर त्याला उभं करून त्याचीच कंबर वाचून दाखवली, आणि "वाढली असेल आता" म्हणून पुन्हा मोजली. समोरच्या घड्याळजीला बोलावून आणलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "माझ्या सुनेनं केलंय." मला तर कुठे बघू आणि कुठे नको असं झालं.

वन्सं, सहा वर्षांत पहिल्यांदा मला या दुकानात पाहुणी असल्यासारखं वाटलं नाही.

मे महिन्यात तीन आठवडे माहेरी जाऊन येईन म्हणते. तोवर मास्तरांच्या गायन मंडळाचे चोवीस कोट आले आहेत. मापं घेऊन खिडकीत भरते. बेतणी आई एकट्या करतील. आता त्यांना माझी गरज नाही!

तुमची वहिनी

६ एप्रिल

वहिनी,

काल आईचा फोन आला होता. वीस मिनिटं खिडकीचं कौतुक ऐकलं. मग मी म्हटलं, "खान्यांची मापं जरा कमीजास्त करायची असतील तर सांग, मी सांगेन तसं." तर आई म्हणाली, "तुला कुठला वेळ गं? हिनं एकटीनं केलं, तुला त्रास नको म्हणून विचारलंसुद्धा नाही, असं म्हणाली."

विचारलंसुद्धा नाही?

माझ्याकडे तुझी तीन पत्रं आहेत, वहिनी. माझ्या हातची मापं लिहिलेला खाकी कागद तुझ्याकडे आहे. माझं नाव घ्यायला तुझी जीभ का अडखळली? एवढी नऊ वर्षं आईला वाटत आलं की पोरगी शब्द देऊन विसरली. तुझ्या एका वाक्यानं ते पुसलं गेलं असतं. तू ते पक्कं करून टाकलंस.

आईला काही बोलले नाही. आनंदात होती. आता मला लिहू नकोस, आणि मीही लिहिणार नाही.

३ जून

वन्सं,

लिहू नकोस म्हणालात, म्हणून दोन महिने लिहिलं नाही. आज लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

मी माहेरी जायच्या आदल्या दिवशी आई म्हणाल्या, अठराचं अक्षर पुसट वाटायला लागलंय. मी घाईत होते, पिशव्या भरायच्या होत्या. तुम्ही म्हणालात तसा एकच आकडा बदलला, अठराचे छत्तीस केले. एक नाव काढून पाहिलं, ठसठशीत दिसलं. आई खूश झाल्या, मीही गेले.

परत आले तर दुकान बंद. दुपारी चार वाजता बंद. आई आत खुर्चीवर बसल्या होत्या, हात मांडीवर. टेबलावर चोवीस कोट घडी करून ठेवलेले, आणि कात्री वर खुंटीवर टांगलेली. त्यांनी कात्री टांगलेली मी कधी पाहिली नाही. ती कायम हाताशी असते.

मास्तर सगळ्यांना घेऊन कोट घालून बघायला आले होते. अंगात गेले कसेबसे. मास्तर म्हणाले, एकदा गाऊन बघू, आणि सगळ्यांनी मिळून श्वास घेतला. सहा बटणं उडाली, वन्सं. बाह्या मनगटाच्या वर. लोक आधी हसले, मग आईंचा चेहरा पाहून खाली वाकून बटणं वेचू लागले. मास्तर भले माणूस, "आम्हीच जाड झालो" म्हणाले. आईंनी टेप घेतली आणि मास्तरांकडून आकडे वाचून घेत एकेकाला पुन्हा मोजलं. कोट कुठे अर्ध्या इंचानं कमी, कुठे पाऊण.

चाळीस वर्षांत हे झालेलं नाही. मला म्हणाल्या, "खिडकीत बरोबर असणार, तू कशी चुकशील? माझ्याच डोळ्यांनी वाचण्यात चूक केली. आता लोकांचं कापड नासायचं नाही." बस्स. तेव्हापासून टेबलाकडे फिरकत नाहीत. सकाळी उठून आंघोळ करून तयार होतात आणि मग काय करायचं ते त्यांना आठवत नाही.

मी खिडकी उघडून आकडे बघितले तर मला सगळे पूर्णांकच दिसले. अर्धा, पाव, पाऊण कुठेच नाही. वहीत आणि मी भरलेल्या यादीत मात्र आहेत. मला काही उमगत नाही. एप्रिलमध्ये मी खोटं बोलले, त्याची ही शिक्षा आहे असं वाटायला लागलंय.

हो, खोटं बोलले. तुमचं नाव मुद्दाम घेतलं नाही. तुम्ही सांगितलंत म्हटलं असतं तर आई म्हणाल्या असत्या, "माझ्या मुलीनं केलं." तुमचं पान सत्तेचाळीसावं. माझं एकही नाही. मला एवढी एक गोष्ट पूर्ण माझी हवी होती.

माझ्यावर कितीही रागवा. पण काय झालंय तेवढं बघून सांगा.

तुमची वहिनी

९ जून

वहिनी,

हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखव. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, काही न गाळता.

आई, तू चुकली नाहीस. तू पडद्यावर जे होतं तेच वाचलंस. वहिनीही चुकली नाही. चूक मी केली, आणि जाणूनबुजून केली.

खाने मापानं खिळवले की अक्षर वाढलं तरी खाना वाढत नाही. सत्तर ठिपक्यांचा खाना सत्तरच राहतो. अठराचं अक्षर छत्तीस केलं की "३६ १/२" मधलं छत्तीस दिसतं आणि अर्धा इंच खान्याच्या उजव्या कडेमागे दडतो. तो आत असतो, पण दिसत नाही. वहिनीनं तपासताना नाव पाहिलं असणार, आणि नावाचा खाना मी रुंद दिला होता. ओळी-रकान्यांची जी रीत पुस्तकात होती तिच्यात अक्षराबरोबर खाना आपोआप रुंदावतो. मला हे नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. आमच्याकडे कोणी असे खिळे ठोकून आणले तर मी परत पाठवते.

वहिनीनं मला विचारलं होतं, ओळी-रकाने करू का. अक्षर पुढे वाढवावं लागेल हेही लिहिलं होतं. ती ओळ मी दोनदा वाचली. आणि तरी खिळे ठोकायला सांगितलं, वर पट्टी घेऊन मापंही काढून दिली.

कोणाचे कोट बिघडावेत असं माझ्या मनात नव्हतं. तुझ्या हातून कापड चुकावं असं तर स्वप्नातही नव्हतं, आई. मला वाटलं होतं, कधीतरी अक्षर वाढवतील, पाट्या आणि खाने वेडेवाकडे दिसतील, वहिनी वैतागेल, आणि तू म्हणशील, तिलाच बोलवा. एवढंच हवं होतं मला. तिलाच बोलवा.

वहिनीचा मला हेवा वाटतो. ती रोज तुझ्याजवळ असते याचा, तू तिला खडूचं खोटं कारण सांगतेस याचासुद्धा. मला तू कधी काही खोटं सांगत नाहीस, मला फोनवर सगळं ठीक असतं. तिनं माझं नाव तुझ्यापासून लपवलं तेव्हा मी चिडले होते. पण तिनं नाव लपवलं आणि मी अर्धा इंच लपवला. कोणाचं जास्त वाईट ते तू ठरव.

कात्री खाली काढ.

– तुझी मुलगी

१७ जून

वन्सं,

वाचलं. न गाळता. नाव लपवल्याच्या ओळीपाशी मी खोकले, तर आई म्हणाल्या, "खोकून झालं असेल तर पुढे वाच."

वाचून संपलं. मग म्हणाल्या, "एक कोट आण." मी वरचा आणला. त्यांनी बाहीचं टोक उलटं करून बोटांनी चाचपलं, मग बगलेखालची शिवण. "दोन बोटं कापड आहे ना आत?" म्हणाल्या. "मी प्रत्येक शिवणीत सोडते. माणूस काही आहे त्याच मापाचा राहत नाही. उसवा, अर्धा इंच मिळतोच." चोवीसही कोटांत मिळाला, वन्सं. आज सकाळपासून उसवतो आहोत. कात्री मी काढून देणार होते, पण त्यांनी स्टुलावर चढून स्वतः काढली, आणि मला काळजीनं ओरडायचीही सोय ठेवली नाही.

तुमच्यावर रागावल्यात. माझ्यावरही. म्हणाल्या, "दोघींना माझ्या हाताखाली शिकवलं, आणि दोघींनी मिळून एक खिडकी शिवली तीही आत कापड न सोडता." मग म्हणाल्या, "तिलाच बोलव." मी पाहत राहिले, तर म्हणाल्या, "पत्रात तिनंच लिहिलंय ना तसं? बोलव. म्हणावं, आठ दिवस काढून ये. खिडकी उसवायची आहे."

मलाही तुमचा राग आला होता. पहिल्यांदा पत्र एकटीनं वाचलं तेव्हा फाडून टाकावंसं वाटलं. मग वाटलं, फाडलं तर आईंना कोण सांगणार की चूक त्यांची नव्हती. तुम्हाला माफ केलंय असं म्हणत नाही. वेळ लागेल. पण या.

आणि एक. धीर करून विचारलं त्यांना, वहीत माझं पान का नाही. तर म्हणाल्या, "तू समोर असतेस. समोरच्या माणसाचं काय लिहायचं? लांब गेलेल्यांचं लिहून ठेवावं लागतं." ऐकून मला इतकं बरं वाटलं की तुमच्यापासून लपवून ठेवणार होते. पण आता लपवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहिलं. तुम्हाला ते लागेल, माहीत आहे.

वहिनी

२७ जुलै

वन्सं,

तुम्ही गेल्यापासून उंच खुर्ची रिकामीच आहे. मी बसत नाही, आईही बसत नाहीत. आठ दिवस एका कीबोर्डसाठी आपण जेवढ्या भांडलो तेवढी तर सख्खी भावंडंही भांडत नसतील. तुम्ही माझं बोट बटणावरून उचलून बाजूला ठेवलंत ते मी विसरणार नाही.

पण खिडकी झकास चालली आहे. काल बेचाळीसचं अक्षर करून पाहिलं. खाने आपापले रुंदावले, खिडकीच मोठी झाली, आणि अर्धा इंच राजासारखा मधोमध. अक्षर अजून मोठं करू की नको असं आईंना विचारलं, तर म्हणाल्या, "राहू दे थोडं, पुढच्या वर्षासाठी." मास्तरांची मंडळी परवा नव्या कोटांत गायली. बटणं जागच्या जागी होती. गाण्याबद्दल काही विचारू नका.

आज दुपारी जे झालं ते सांगायला पत्र लिहितेय. दुकानात कोणी नव्हतं. मी इस्त्री करत होते. आई आल्या, गळ्यातली टेप काढली आणि म्हणाल्या, "उभी राहा सरळ." मला वाटलं काहीतरी शिवायला घेतायत. छाती, कंबर, खांदा, बाही, सगळं मोजलं. टेपवरचा आकडा त्यांना दिसत नाही. जिथे टेप जुळते तिथे नखानं धरतात आणि मला वाचायला लावतात. मग म्हणाल्या, "जा, खिडकीत घाल. नवं नाव."

मी विचारलं, "कोणाचं?"

"तुझं. कोणाचं म्हणजे?" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, म्हणजे मान वळवून माझ्या कानाकडे बघून, म्हणाल्या, "आता समोर असतेस, पण मला दिसत नाहीस गं. लिहून ठेवायला पाहिजे."

वन्सं, किती दिवस मला ते पान हवं होतं. आणि ते मिळालं तेव्हा ते मिळायला नको होतं असं वाटलं. मी माझं नाव लिहिलं, बटण दाबलं, आणि मग इस्त्रीपाशी जाऊन रडले. इस्त्री तापलेली होती म्हणून फार वेळ रडता आलं नाही.

एक कबुली द्यायची आहे. कंबर मी अर्धा इंच कमी लिहिली आहे. खरी लिहिली असती तर ती तुमच्यापेक्षा जास्त झाली असती, आणि तेवढं काही हातून होईना. आईंना सांगू नका.

तुमची वहिनी

५ ऑगस्ट

वहिनी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आईचं वाक्य शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाचून दाखवायला गेले, पण अर्ध्यावरच थांबले. त्यांनी काही न विचारता पाण्याचा पेला पुढे केला.

तू लिहिलंस ते खरं आहे. "लांब गेलेल्यांचं लिहून ठेवावं लागतं" हे मला लागलं. अजून लागतंय. आणि आता आईनं तुझंही लिहून घेतलं, तर वाटतं, ते पान एवढ्यात तुला मिळायला नको होतं. हेव्यानं नाही म्हणत. पहिल्यांदाच हेव्यानं म्हणत नाहीये.

ऑक्टोबरमध्ये पंधरा दिवस येते. आल्यावर खुर्चीवर आळीपाळीनं बसू, सकाळी तू, दुपारी मी. तोवर तूच बस. रिकामी ठेवलीस तर आई तिला धडकेल.

आता खिडकी उघड आणि तुझी कंबर खरी लिही. कपडा खोट्या मापावर बेतला की शेवटी तूच अवघडशील, आणि आईला वाटेल तिचंच चुकलं. पुन्हा तसं व्हायला नको.

तिथेच आहेस तर माझंही नाव काढ. आईनं जुलैत माझं माप घेतलं तेव्हा तू टेप वाचत होतीस, म्हणून मी पोट आत ओढून धरलं होतं. माझ्या कंबरेत एक इंच वाढव.

– मी